हेलियमची रेघ वाचणारा कारकून : सर नॉर्मन लॉकियर



गॅसवर ठेवलेली डाळ उतू गेली की निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे आपण रोज बघतो. डाळीच्या पाण्यात मीठ असतं, मिठात सोडियम असतो आणि तापलेला सोडियम ठरावीक पिवळाच प्रकाश देतो. म्हणजे ज्योतीचा रंग बघून आत काय पडलं ते सांगता येतं. एवढ्या साध्या गोष्टीवर ज्याने आयुष्य घालवलं त्या माणसाचं चरित्र आज सांगणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते, कारण हा पाठ त्या चुकीतूनच तयार झाला.

पाठाचं निमित्त

आमची शाळा आण्याच्या पठारावर. रोज परिपाठात दिनविशेष असतो. दर १८ ऑगस्टला मी मुलांना सांगत आले की १८६८ साली याच दिवशी लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला. मोबाईलवर आलेला तो मजकूर मी वहीत उतरवून ठेवला होता. मुलांना फार आवडायचा. आपल्या कोकणातल्या किल्ल्यावर शोध लागला म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही?

मागच्या वर्षी त्याच आठवड्यात पालकसभा होती. एका मुलाचे वडील चाकणला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहेत. पोलादात कोणकोणती मूलद्रव्यं किती आहेत ते प्लाझ्माच्या मशीनवर मोजायचं, हे त्यांचं काम. पोराने घरी दिनविशेष सांगितला होता, म्हणून ते कौतुकाने बोलायला थांबले. मी मशीनबद्दल विचारलं तेव्हा सहज म्हणाले की मॅडम, एका रेघेवर आम्ही कधीच विश्वास ठेवत नाही. दुसरी रेघ तपासतो, माहीत असलेला नमुना लावून बघतो आणि मगच आकडा लिहितो.

ते गेले, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. मी माझ्या दिनविशेषाची दुसरी रेघ तपासली होती का? नव्हती. मग तपासली, आणि कळलं की १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर भारतात नव्हतेच. ते लंडनमध्ये होते.

मग विजयदुर्गाचं काय? तेही खोटं नाही, फक्त साल वेगळं आहे. ते पुढे येईलच. आधी माणूस बघू.

जन्म आणि नोकरी

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावी झाला. वडील वैद्यकीचा व्यवसाय करत आणि विजेच्या तारयंत्रात त्यांना रस होता. नॉर्मन विद्यापीठात गेले नाहीत. काही काळ स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये राहून भाषा शिकले आणि १८५७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या युद्धखात्यात कारकून म्हणून चिकटले. पुढच्या वर्षी विनिफ्रेड यांच्याशी लग्न झालं. विनिफ्रेडबाईंना फ्रेंच उत्तम येत असे. त्यांनी विज्ञानाच्या फ्रेंच पुस्तकांची इंग्रजी भाषांतरं केली. संसार मोठा होता, पगार बेताचा. दिवसा फायली आणि रात्री दुर्बीण, असा त्यांचा दिनक्रम होता.

लक्षात घ्या, आकाशाचा अभ्यास हा या माणसाचा छंद होता. त्याच्याकडे सव्वासहा इंचांची दुर्बीण होती. १८६२ मध्ये त्यांनी मंगळाची चित्रं काढली आणि ती जाणकारांना आवडली. पण मंगळावर काय दिसतं यापेक्षा सूर्य कशाचा बनला आहे, या प्रश्नाने त्यांना जास्त पकडलं.

रेघा म्हणजे काय?

इथे थोडं थांबून वर्गात सांगतो तसं सांगते. लोलकातून प्रकाश गेला की सप्तरंगी पट्टा दिसतो. पण तापलेल्या वायूचा प्रकाश बारीक फटीतून घेऊन लोलकातून पाठवला तर अखंड पट्टा दिसत नाही, सुट्या सुट्या रंगीत रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा आपापल्या ठरलेल्या जागी असतात. बुन्सेन आणि किर्खोफ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० च्या सुमारास हे पक्कं केलं. या रेघा बघण्याचं यंत्र म्हणजे वर्णपटदर्शक, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप. तोंडाला आधार कार्डाचा अंगठा म्हटलं तर मुलांना लगेच कळतं : दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, तशा दोन मूलद्रव्यांच्या रेघाही सारख्या नसतात.

खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला लाल ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या, हे कोणाला माहीत नव्हतं, कारण एरवी सूर्याच्या झगमगाटात त्या दिसतच नाहीत. लॉकियर यांच्या मनात आलं की झगमगाट लोलकाने पसरवला तर तो फिका होईल, पण ज्वाळांच्या रेघा पसरणार नाहीत, त्या तशाच ठळक राहतील. म्हणजे ग्रहणाची वाट बघायची गरजच नाही. हा विचार १८६६ चा. त्यासाठी ताकदीचं यंत्र हवं होतं. ते बनवायला सांगितलं आणि बनवणाऱ्याकडून उशीर होत राहिला.

१८६८ : दोन माणसं, एक शोध

इकडे १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास ग्रहण दिसलं. ते बघायला युरोपातून मंडळी आली होती. फ्रान्सचे पिएर जान्सन आंध्रातल्या गुंटूरला होते. ज्वाळांच्या रेघा त्यांना इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील अशी त्यांची खात्री झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तसं करून बघितलं, आणि दिसल्या. मद्रासचे खगोलशास्त्रज्ञ पॉगसन मछलीपट्टणमला होते. त्या दिवशी निरीक्षकांना एक पिवळी रेघही दिसली होती. बहुतेकांना ती सोडियमचीच वाटली.

लंडनमध्ये लॉकियर यांच्या हातात नवं यंत्र पडलं ते ऑक्टोबर महिन्यात. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, भर दिवसा त्यांनी सूर्याच्या कडेला यंत्र लावलं आणि ज्वाळांच्या रेघा पकडल्या. जान्सन यांची चिठ्ठी भारतातून बोटीने निघाली होती. दोघांचीही पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत आली. कोण पहिला यावरून भांडण झालं असतं. पण फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले. पुढे दोघं एकमेकांचे मित्र झाले.

आता ती पिवळी रेघ. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. लॉकियर यांनी नीट मोजलं तर ज्वाळेतली रेघ त्यांच्या शेजारी होती, त्यांच्यावर नव्हती. आजच्या मोजमापात ती ५८७.६ वर येते. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. पण फरक तो फरक. लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजनवर वेगवेगळे दाब देऊन बघितले. ती रेघ काही केल्या येईना. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थात ती सापडेना. तेव्हा हे सूर्यातलं नवं मूलद्रव्य असावं, असं लॉकियर यांचं मत झालं. सूर्याला ग्रीक भाषेत हेलिओस म्हणतात, त्यावरून हेलियम हे नाव आलं.

रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. बाटलीत धरता येत नाही ते मूलद्रव्य कसलं? असं जवळजवळ २७ वर्षं चाललं. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी हे क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजात आर्गॉन वायू शोधत होते. खनिज आम्लात तापवल्यावर जो वायू निघाला त्यात तीच पिवळी रेघ दिसली. नमुना लॉकियर यांच्याकडेही तपासायला गेला. तरुणपणी सूर्यावर बघितलेली रेघ त्यांना साठीच्या उंबरठ्यावर काचेच्या नळीत बघायला मिळाली.

सूर्याकडून धातूकडे

लॉकियर म्हटलं की सगळे हेलियमवर थांबतात. पण चाकणच्या त्या पालकांच्या मशीनशी त्यांचं खरं नातं वेगळ्याच कामातून येतं.

१८७० नंतरच्या वर्षांत लॉकियर यांनी धातूंच्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडली आणि तिची प्रतिमा भिंगाने वर्णपटदर्शकाच्या फटीवर टाकली. तेव्हा दिसलं की एकाच धातूच्या सगळ्या रेघा सारख्या उंचीच्या नसतात. काही लांब असतात, काही आखूड. मग त्यांनी मिश्रधातू घेतले आणि त्यातलं एकेक मूलद्रव्य कमी कमी करत नेलं. आधी आखूड रेघा नाहीशा झाल्या. अगदी शेवटपर्यंत टिकली ती सगळ्यात लांब रेघ.

यातून दोन गोष्टी मिळाल्या. पहिली अशी की एखादा पदार्थ चिमूटभरच असला तर त्याची सगळ्यात लांब रेघ शोधा, कारण दिसली तर तीच दिसेल. दुसरी त्याहून मोलाची. एखादी आखूड रेघ दिसली म्हणून ते मूलद्रव्य आहे असं म्हणायचं नाही. त्याची लांब रेघ तिथे आहे का ते बघायचं. ती नसेल तर दावा सोडायचा. या युक्तीने त्यांनी तोवर एकाच्या नावावर लिहिलेल्या कितीतरी रेघा दुसऱ्याच धातूच्या भेसळीमुळे आल्या होत्या, हे दाखवून दिलं.

पुढे टांकसाळीतले रसायनशास्त्रज्ञ विल्यम चँडलर रॉबर्ट्स यांच्याबरोबर त्यांनी सोन्या-तांब्यासारख्या मिश्रधातूंत कोणता धातू किती आहे ते रेघांवरून मोजण्याचा प्रयत्न केला आणि तो १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी तो रोजच्या वापरात आला नाही. पण काय आहे यावरून किती आहे इकडे जाण्याची ती सुरुवातीची पावलं होती. हेच रॉबर्ट्स पुढे रॉबर्ट्स-ऑस्टेन झाले. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या आतल्या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून.

आजचं मशीन

पोलादात किती थोडं काय आहे, हे बघायची गरज काय? आपल्या शेतकरी पालकांना हे लगेच पटेल. फॉस्फरस जास्त झाला की पोलाद थंडीत ठिसूळ होतं. गंधक जास्त झालं की तापवून ठोकताना तडकतं. भंगार वितळवून केलेल्या पोलादात तांबं आणि कथील राहून जातं, ते काढता येत नाही आणि जास्त झालं तर लाटताना चिरा पडतात. प्रमाण किती? ०.००१ टक्का म्हणजे एका टन पोलादात १० ग्रॅम. आमच्या गावी रंगदास स्वामींच्या उत्सवाला आमटीच्या मोठमोठ्या कढया चढतात. हजार किलोच्या आमटीत दोन छोटे चमचे मीठ पडलं की नाही, हे चाखून सांगा म्हटल्यासारखं ते काम आहे.

मशीन हे असं करतं. पोलादाला भोक पाडून निघालेला थोडासा कीस तोलून आम्लात विरघळवतात. त्या द्रावाचं बारीक धुकं करून ते आर्गॉन वायूबरोबर क्वार्ट्झच्या नळीत सोडतात. नळीभोवती तांब्याचं वेटोळं असतं. त्यातून अतिजलद उलटसुलट होणारी वीज गेली की आर्गॉनचा प्लाझ्मा होतो. त्याचं तापमान ६,००० ते १०,००० अंशांच्या घरात जातं, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाइतकं किंवा जास्तच. धुक्यातले अणू तिथे तापून आपापल्या रेघांचा प्रकाश देतात. रेघ जितकी तेजस्वी तितकं मूलद्रव्य जास्त. ही पद्धत १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्रीनफील्ड यांनी आणि अमेरिकेत फॅसेल यांनी उभी केली. भट्टीजवळ घाईच्या वेळी पोलादाच्या चकतीवर थेट ठिणगी पाडूनही रेघा वाचतात.

अडचण एकच, पण मोठी. लोखंडाच्या स्वतःच्याच रेघा हजारोंनी असतात. त्या गर्दीत फॉस्फरसची एखादी बारीक रेघ लोखंडाच्या रेघेला चिकटून असली तर आकडा फसवा येतो. म्हणून दुसरी रेघ बघायची आणि माहितीचा नमुना लावायचा. आमच्या पालकांनी सांगितलं ते हेच. लॉकियर यांनाही सोडियमच्या शेजारची रेघ वेगळी काढताना हेच करावं लागलं होतं.

चुकलेला अंदाज

चरित्र सांगताना नुसतं कौतुक करू नये असं मला वाटतं. लॉकियर चुकलेसुद्धा. ज्योतीपेक्षा ठिणगीत, म्हणजे जास्त तापमानात, एकाच धातूच्या काही रेघा ठळक होतात हे त्यांनी पाहिलं. त्यावरून मूलद्रव्यंच फुटून आणखी साधे पदार्थ तयार होतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला आणि वर्षानुवर्षं तो लढवला. रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना खूप विरोध केला. सिद्धांत जसा मांडला तसा टिकला नाही. पण निरीक्षण खरं होतं. जास्त तापमानात अणूचा इलेक्ट्रॉन सुटतो आणि उरलेला आयन वेगळ्या रेघा देतो. हे गणितात नीट बसवलं ते कोलकात्याच्या मेघनाद साहांनी, १९२० मध्ये. आजच्या मशीनवर अणूच्या रेघा आणि आयनाच्या रेघा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात, त्याचं मूळ इथे आहे.

आणि आता विजयदुर्ग

लॉकियर ग्रहणासाठी भारतात आले ते १८७१ च्या डिसेंबरमध्ये, केरळातल्या बेकल किल्ल्यावर. त्यानंतर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते विजयदुर्गला आले. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते आणि सर ही पदवी त्यांना नुकतीच मिळाली होती. किल्ल्यात छावणी पडली. मेलपोमीन या लढाऊ जहाजावरचे खलाशी मदतीला होते. त्यांना यंत्रं हाताळायला शिकवलं होतं. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास टिकली आणि तेवढ्या वेळात लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेच्या रेघांचे फोटो घेतले. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपला चमू घेऊन गेले होते. पुण्यात वेधशाळा उभारताना त्यांनी लॉकियर यांचा सल्ला घेतला होता.

विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे आपण दाखवतो त्यांचं नातं जुळतं ते या १८९८ च्या मुक्कामाशी. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं होत आली होती. म्हणजे किल्ल्याचा मान खरा आहे, फक्त शोध तिथला नाही. मला तर खरी गोष्ट जास्त मोठी वाटते. साठी उलटलेला माणूस दोन मिनिटांसाठी समुद्र ओलांडून येतो आणि खलाशांना शास्त्रज्ञांच्या कामाला लावतो.

शेवटची वर्षं

४ नोव्हेंबर १८६९ रोजी लॉकियर यांनी नेचर हे साप्ताहिक सुरू केलं आणि ५० वर्षं त्याचं संपादन केलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं ते तोट्यात होतं. आज ते जगातल्या सर्वांत मानाच्या विज्ञान नियतकालिकांपैकी आहे. पदवी नसलेला हा कारकून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाला. म्हातारपणी सिडमथ गावाजवळच्या टेकडीवर त्यांनी नवी वेधशाळा उभारली. तिथेच १६ ऑगस्ट १९२० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले.

वर्गात काय करता येईल

१. गॅसच्या ज्योतीत चमच्याच्या टोकावर ओलं मीठ धरून पिवळा रंग दाखवा. हे शिक्षकांनी किंवा पालकांनी स्वतः करावं, मुलांच्या हातात देऊ नये.

२. जुनी सीडी ट्यूबलाइटखाली आणि बल्बखाली धरून रंगांच्या पट्ट्यांतला फरक मुलांना वहीत काढायला सांगा. सीडी सूर्याकडे धरू देऊ नका.

३. १८६८, १८७१, १८९५ आणि १८९८ ही चार सालं फळ्यावर लिहा. कोण, कुठे, काय हे मुलांकडून जुळवून घ्या.

४. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदची महादुर्बीण बघायला गेलात तर मुलांना सांगा की तिथेही रेघाच वाचतात. हायड्रोजनची रेडिओतली रेघ १४२० मेगाहर्ट्झवर असते. ती डोळ्यांना दिसत नाही, इतकंच.

मी माझं काय केलं ते सांगून थांबते. दुसऱ्या सोमवारी परिपाठात उभी राहिले आणि मी तुम्हाला चुकीचं सांगत होते, असं मुलांना सांगितलं. पोटात गोळा आला होता. एका मुलीने विचारलं की बाई, मग आता आधीच्या वर्षीच्या पोरांना कोण सांगणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती मुलं आता हायस्कूलला गेली. त्यातली जी भेटतात त्यांना सांगते आहे. तुमच्याही दिनविशेषाच्या वहीत ती ओळ असेल तर येत्या १८ ऑगस्टच्या आधी दुरुस्त करा, एवढीच विनंती.